म्यानमारच्या लष्करावर संशोधन : सैनिकसंख्या कोणती धरावी?

कोयनाकाठ (कऱ्हाड) :

नमस्कार. मी कऱ्हाडजवळच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो आणि पीएच.डी.साठी म्यानमारचे लष्कर हा विषय घेतला आहे. आपल्याकडे ब्रह्मदेश म्हटले की बोलणे मंडालेच्या तुरुंगावर आणि रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यावर येऊन थांबते. प्रत्यक्षात २ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता घेतल्यापासून, मधली थोडी वर्षे सोडली तर, तिथे सैन्याचाच अंमल आहे. त्या मधल्या वर्षांतही २००८ च्या राज्यघटनेने संसदेतील २५ टक्के जागा आणि संरक्षण, गृह व सीमा या तिन्ही खात्यांचे मंत्री नेमण्याचा अधिकार सरसेनापतींकडे ठेवला होता. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, सादर केली तेव्हा समितीतील एका सदस्यांनी पहिल्याच पानावर बोट ठेवून विचारले, "सैनिक चार लाख की दीड लाख? आधी आकडा पक्का करून या." दोन्ही आकडे छापील आहेत आणि मी अजून तिथेच अडकलो आहे. जे सैन्य स्वतःविषयी काहीच सांगत नाही, त्याचा अभ्यास कुठून सुरू करावा?

वसंतबंधारा (सांगली) :

सर, आकडा पक्का होणार नाही. तो का होत नाही, हाच आपला विषय होऊ शकतो. १९८८ च्या लोकशाहीवादी उठावापूर्वी हे सैन्य दोन लाखांच्या आत असल्याचे मानले जाई. पुढे सैन्यविस्तार झाला, नव्या बटालियन उभ्या राहिल्या आणि चार लाख हा आकडा रूढ झाला. तो नंतर वर्षानुवर्षे एका लेखातून दुसऱ्या लेखात जात राहिला, पण बटालियन वाढल्या त्या प्रमाणात माणसे वाढली का, हे फार थोड्यांनी तपासले. मे २०२३ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात एकूण सुमारे दीड लाख आणि त्यांतले प्रत्यक्ष लढणारे सुमारे सत्तर हजार असा अंदाज आला, तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या राजवटीने सक्तीची सैन्यभरती लागू केली. त्यासाठीचा कायदा २०१० पासून कागदावर पडून होता. मनुष्यबळाची चणचण किती होती, हे त्या एका निर्णयावरून दिसते.

ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू सेल्थ अनेक दशके या सैन्यावर लिहीत आहेत. त्यांच्याकडून माहितीइतकीच सावधगिरी शिकावी. अंदमानच्या उत्तरेला असलेल्या म्यानमारच्या ग्रेट कोको बेटावर चीनचे टेहळणी केंद्र असल्याच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांनीही १९९० च्या दशकात ठोकून दिल्या होत्या. सेल्थ त्या दाव्यांचे मूळ शोधत गेले आणि पुरावा किती तोकडा आहे हे त्यांनी दाखवले. २००५ मध्ये आपले तत्कालीन नौदलप्रमुख ॲडमिरल अरुण प्रकाश यांनीही तिथे असे केंद्र नसल्याचे सांगितले. तेव्हा प्रत्येक आकड्यापुढे तो कोणी, केव्हा आणि कशासाठी सांगितला, अशी तीन घरे आखा. समितीपुढे हीच सारणी ठेवा. दोन आकड्यांची सरासरी मात्र कृपा करून काढू नका.

माजी सुभेदार (अपशिंगे मिलिटरी) :

मी प्राध्यापक नाही, पण नफरी, म्हणजे हजर माणसे, मोजण्यात उमर गेली आहे, म्हणून दोन शब्द लिहितो. बटालियनच्या पाटीवर कधीही विश्वास ठेवू नये, लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, किती माणसे जेवतात ते विचारावे. कागदावरच्या माणसांतून सुट्टीवर गेलेले, इस्पितळातले, कोर्सवरचे आणि दुसरीकडे अटॅच केलेले वजा केले की सकाळच्या फॉलिनला (हजेरीच्या रांगेत) उभी राहतात ती माणसे वेगळीच असतात, आणि हे चांगल्या चाललेल्या सैन्यातले सांगतो आहे. सैन्य सोडून आलेला जवान भेटला तर त्याला "तुमच्या बटालियनमध्ये किती लोक होते?" असे विचारू नका. त्याला ते ठाऊक नसते, आणि तो ऐकीव आकडा सांगतो. "रात्रीची गार्ड ड्यूटी किती दिवसांनी यायची?" असे विचारा. एक दिवसाआड येत असेल तर कंपनी अर्धी रिकामी आहे असे खुशाल समजा. हे कोणताही जवान विसरत नाही.

ग्रंथपाल (सातारा) :

सुभेदार साहेबांचा प्रश्न मी माझ्या वहीत उतरवून घेतला. त्यात एका कागदी पुराव्याची भर घालते. या सैन्याच्या मालकीची 'मेहल' (म्यानमार इकॉनॉमिक होल्डिंग्ज लिमिटेड) ही कंपनी १९९० मध्ये स्थापन झाली. जानेवारी २०२० मध्ये तिने सरकारी नोंदणी कार्यालयात दिलेल्या माहितीनुसार तिचे ३,८१,६३६ वैयक्तिक भागधारक आहेत आणि ते सगळे आजी-माजी लष्करी आहेत. याखेरीज १,८०३ संस्थात्मक भागधारक असून त्यांत प्रादेशिक कमांड, डिव्हिजन आणि बटालियनही आहेत. यातून आजची सैनिकसंख्या काढता येणार नाही, कारण निवृत्तही त्यात मिसळले आहेत. परंतु जे सैन्य काहीच सांगत नाही असे आपण म्हणता, त्याच्या तुकड्या नफ्याचा हिशेब ठेवताना कागदावर येतात.

शब्दही जपून वापरावेत. 'तत्मदॉ' या सैन्याच्या अधिकृत नावातला 'दॉ' राजेशाही मानाचा आहे, म्हणून २०२१ मध्ये सैन्याने पुन्हा सत्ता घेतल्यानंतर तिथले अनेक लोक मुद्दाम नुसते 'सित-तात', म्हणजे सैन्य, असे म्हणतात. आपण कोणता शब्द घेतला यावरून समोरचा माणूस आपल्याला जोखतो.

म्यानमारमधून पळून आलेल्या जवानांच्या मुलाखतींसाठी सीमेवरच्या मिझोरमला जाणार असाल तर इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरण्याचा परवाना, लागेल. त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. म्यानमारच्या जवानांची कुटुंबे पुष्कळदा बटालियनच्या आवारातच राहतात, त्यामुळे पळून आलेल्याचे नाव फुटले तर शिक्षा मागे राहिलेल्या बायकोमुलांना होते. नाव, गाव आणि बटालियनचा क्रमांक एकाच वहीत लिहू नका, आणि त्यांचे फोटो तर मोबाइलमध्ये ठेवूच नका.

कोयनाकाठ (कऱ्हाड) :

सर्वांचे मनापासून आभार. सिनॉप्सिसचे शीर्षक बदलून 'म्यानमारच्या लष्कराची कागदी आणि प्रत्यक्ष संख्या, १९८८ ते २०२४' असे केले आहे आणि तीन घरांची सारणी आखायला घेतली आहे. सुभेदार साहेब, येत्या रविवारी अपशिंग्याला आलो तर तासभर वेळ द्याल का? प्रश्नावली आधी आपल्यासमोर वाचून पाहावी म्हणतो.

माजी सुभेदार (अपशिंगे मिलिटरी) :

अवश्य या. सकाळी या, जेवूनच जा.