प्रश्न विचारायची लाज
मोठ्यांनी मुलांकडून काय शिकावं या प्रश्नावर "मुलं भांडण लगेच विसरतात, ते आपण शिकावं" असं दोघातिघांनी लिहिलंय. विसरत बिसरत काही नाहीत हो, आमची कन्या गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मामेभावाने फुलबाजी हिसकावलेली अजून त्याला सुनावते, फक्त सुनावता सुनावता त्याच्याच बरोबर खेळत असते. मला विचाराल तर त्यांच्याकडून घ्यायची ती न लाजता विचारायची सवय.

गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या घरी चवथीला माटोळी बांधतात, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं टांगलेली लाकडी चौकट, त्यात नारळ, सुपारीचे शिपटे म्हणजे घड, कवंडळ, कांगलां आणि कसली कसली रानफळं. लहानपणापासून मान वर करून बघतोय पण अर्ध्या फळांची नावं येत नव्हती, आणि या वयात विचारणार कसं? पोरीने सरळ काकांना पकडलं, हे काय, कुठे मिळतं, खातात का, आणि कवंडळ कडू असतं खायचं नाही म्हटल्यावर "मग बाप्पाला कशाला?" काका जे खुलले ते विचारू नका, यंदा तिला घेऊन रानात गेले, मागून पिशवी धरून मी. आता गोवा सरकारच्या कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत नाव घालूया म्हणतायत, बांधायला माणसं कोण देणार ते देव जाणे.