मदत हवी आहे: मराठी विकिपीडियासाठी लिहिलेला सर्पदंशावरील प्रथमोपचाराचा मजकूर तपासून हवा

नमस्कार,

मराठी विकिपीडियावरील सर्पदंशविषयक लेखासाठी प्रथमोपचाराचा विभाग मी सध्या धूळपाटीवर (विकिपीडियावरील कच्च्या मसुद्याच्या पानावर) लिहीत आहे. तो मुख्य लेखात नेण्यापूर्वी इथले डॉक्टर आणि विकिपीडियावर नियमित संपादन करणारे सभासद यांची मदत हवी आहे. मी स्वतः डॉक्टर नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. विकिपीडियावर लिहायला कोणतीही पदवी लागत नाही, हे त्या प्रकल्पाचे बळ आहे हे मला मान्य आहे. पण लेख आजाराचा असला की हीच मोकळीक जरा धास्ती घालते.

विषय सर्पदंशाचाच का, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही साप आपल्या परिसरात आढळतात आणि भातलावणीच्या दिवसांत माणसांचा त्यांच्याशी संबंध वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला, आणि त्यामुळे होणारे मृत्यू व अपंगत्व २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरवले. केंद्र सरकारनेही मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. या सगळ्याविषयी इंग्रजीत भरपूर लिहिलेले आहे. दंश झालेल्या माणसाच्या घरी मात्र त्या वेळी हाताशी असतो तो मोबाइल, आणि शोध घेतला जातो तो मराठीत.

सुरुवातीला इंग्रजी लेखाचा सरळ अनुवाद करावा असा विचार होता. तो सोडून दिला, कारण तो लेख जगभरच्या वाचकांसाठी आहे. ऑस्ट्रेलियात दंश झालेल्या हाता-पायावर दाबपट्टी घट्ट गुंडाळण्याचा सल्ला दिला जातो आणि तिथल्या सापांच्या बाबतीत तो योग्यही आहे. भारतातील मार्गदर्शक सूचना मात्र अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवायला सांगतात. दाब देऊ नये, आवळून बांधू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटलेले आहे. घोणस किंवा फुरसे चावल्यावर मुळातच सूज येते, त्यात आवळपट्टीने रक्तपुरवठा तोडला तर तो अवयवच धोक्यात येतो. म्हणजे भाषांतर अचूक असूनही सल्ला इथल्या वाचकाला घातक ठरू शकतो.

माझा सध्याचा मसुदा असा आहे:

«दंश झालेल्या व्यक्तीला धीर द्यावा व शक्यतो चालू देऊ नये. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ काढून ठेवावे. दंश झालेला अवयव हाड मोडल्यावर ठेवतात तसा स्थिर ठेवावा. त्यावर आवळपट्टी बांधू नये. जखम कापणे, चोखणे, तिच्यावर झाडपाला किंवा बर्फ लावणे टाळावे. साप पकडण्यात वा मारण्यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने सर्पदंशावरील लस उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे. मण्यारीच्या दंशात सूज व वेदना जवळजवळ नसू शकतात. झोपेत दंश झालेल्या व्यक्तीला पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळताना त्रास होणे अशी लक्षणे दिसली तर दंशाची खूण नसली तरी रुग्णालयात न्यावे.»

आता अडचणी. विश्वकोशाने माहिती द्यावी, आज्ञा करू नयेत, असा संकेत आहे. मग हे सगळे "द्यावा, करू नये" चालेल का? दुसरे म्हणजे लशीची मात्रा लिहावी की नाही. तिसरी अडचण प्रताधिकाराची (कॉपीराइटची) आहे: सरकारी पुस्तिकेतील मराठी वाक्ये जशीच्या तशी घेता येतील का? शेवटची अडचण मला सर्वांत मोठी वाटते. हे पान उद्या कोणी सद्भावनेने बदलून त्यात गावठी उपाय घातला, तर ते लक्षात कोणाच्या येणार?

— भातखाचर

प्रतिसाद: तालुका_दवाखाना

मसुदा बरोबर आहे. एक महत्त्वाची गोष्ट राहिली आहे. आमच्याकडे येणाऱ्या अनेक रुग्णांच्या पायाला आधीच दोरी किंवा रुमाल करकचून बांधलेला असतो. "बांधू नये" एवढेच वाचले की नातेवाईक वाटेतच ती गाठ सोडतील, आणि अडून राहिलेले विष एकदम रक्तात उतरून रुग्ण कोसळू शकतो. म्हणून "आधीच बांधले असल्यास रुग्णालयात पोहोचेपर्यंत घाईने सोडू नये, डॉक्टरांना लगेच दाखवावे" असे वाक्य अवश्य घाला.

लशीची मात्रा लिहू नका. लहान मुलांनाही मोठ्यांइतकीच मात्रा लागते, कारण साप दोघांच्याही शरीरात तेवढेच विष सोडतो. हे दवाखान्याबाहेर वाचणाऱ्याला चूक वाटेल आणि तो खाटेशेजारी उभा राहून वाद घालेल. त्याऐवजी भारतातील लस वरच्या चार सापांच्या विषावर बनवलेली असते, सह्याद्रीतील चापड्यासारख्या सापांवर ती उपयोगी नसते, हे लिहा. मात्र त्यामुळे "मग दवाखान्यात कशाला जायचे" असा अर्थ निघणार नाही, इतकी काळजी घ्या.

प्रतिसाद: चावडीकर

विकिपीडियाच्या बाजूने सांगतो. "करावे" ऐवजी "भारतीय मार्गदर्शक सूचनांनुसार अमुक करणे योग्य मानले जाते" अशी रचना केली आणि प्रत्येक वाक्याला संदर्भ जोडला की संकेत पाळला जातो. थोडे कोरडे वाटेल, पण वाचणाऱ्याला काय करायचे ते कळते. संदर्भासाठी मार्गदर्शक सूचना, पाठ्यपुस्तके आणि आढावा लेख घ्या, एकेकटे शोधनिबंध नकोत. इंग्रजी विकिपीडियाचा वैद्यकीय लेखांबाबत असाच दंडक आहे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचे जे काम केले, त्याबद्दलही हाच क्रम ठेवा, कितीही आपल्या मातीतले असले तरी.

वाक्ये उचलू नका. आपल्याकडे सरकारी प्रकाशनांवर साठ वर्षे प्रताधिकार असतो. जागतिक आरोग्य संघटनेची अलीकडची बरीच प्रकाशने मुक्त परवान्याची असली तरी त्या परवान्यात व्यावसायिक वापराला मनाई असते, आणि विकिपीडियाचा परवाना तो वापर मान्य करतो. त्यामुळे दोन्ही जुळत नाहीत. माहिती घ्या, शब्द स्वतःचे वापरा. पान मी माझ्या पहाऱ्याच्या सूचीत (पानात झालेले बदल दाखवणाऱ्या यादीत) टाकतो, पण एका माणसाचा पहारा पुरेसा नाही.

भातखाचर:

दोघांचेही आभार. आधीच बांधलेल्या दोरीचे वाक्य आवळपट्टीच्या वाक्याला लागूनच घातले आहे, म्हणजे एक वाचले आणि दुसरे राहिले असे होणार नाही. मात्रेचा विचार सोडला. क्रियापदे बदलतो आहे. आता आणखी दोघे-तिघे, शक्यतो त्यांपैकी एखादे डॉक्टर, पानावर पहारा ठेवायला तयार असतील तर कृपया इथेच कळवावे; खाते उघडण्यापासून बदल उलटवण्यापर्यंतचे सगळे मी फोनवर समजावून देईन. मजकूर त्यानंतरच मुख्य लेखात हलवेन.