'स्क्वायर'ला मराठीत काय म्हणायचं? 'हुजऱ्या' जमत नाहीये

आर्थर राजाच्या दंतकथेवर बेतलेल्या एका मुलांच्या साहसकथेचा अनुवाद करतेय. नायक १४ वर्षांचा पोरगा, एका नाइटचा (चिलखत घालून घोड्यावरून लढणाऱ्या योद्ध्याचा) स्क्वायर, म्हणजे घोड्याला खरारा कर, चिलखताचे पट्टे आवळ, ढाल घेऊन मागून चाल. मी नाइटला 'सरदार' केलं आणि ह्याला 'हुजऱ्या'. काल भाचीला दोन प्रकरणं वाचून दाखवली तर ती म्हणाली, "पण हा तर नोकर आहे, मग हा सरदार कसा होणार?" तिथेच अडकले, कारण गोष्टीचा जीवच त्यात आहे. साधारण सातव्या वर्षी पेज (घरातली हलकी कामं करणारा पोरगा), चौदाव्याच्या सुमारास स्क्वायर, एकविसाव्याला नाइट अशी ती चढण. हुजऱ्या म्हातारा झाला तरी हुजऱ्याच राहतो. चाकरीही असेल आणि पुढची आशाही असेल असा शब्द सुचवा ना.

— आधी 'सरदार' काढा. सरदाराच्या हाताखाली फौज असते. स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार, नाइटला तोच शब्द चपखल. ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर, स्क्वायरला बारगीर करून टाका.

— बारगीर चांगला मिशीवाला गडी वाटतो हो, १४ वर्षांचा पोरगा नाही वाटत. पण शिलेदार मात्र एकदम पसंत! आर्थरने शिळेतूनच तर तलवार उपसली. आमचे आजोबा सांगायचे, शिळेसारखा जागचा हलत नाही तो शिलेदार.

— आजोबांचा मान राखून सांगतो, शिळेचा इथे काही संबंध नाही. अरबी 'सिलाह' म्हणजे हत्यार, त्याला फारसी 'दार' लागून सिलाहदार, त्याचा शिलेदार. हत्यारबंद माणूस, बस.

— म्हणजे पुन्हा फारसीच. मुलांच्या पुस्तकात तरी आपले शब्द येऊ द्या की. नाइट म्हणजे अश्ववीर आणि स्क्वायर म्हणजे वीरानुचर, अर्थ लगेच उलगडतो, कोणाला विचारायला नको.

— "वीरानुचरा, ढाल दे!" हे एकदा मोठ्याने म्हणून बघा. ढाल हातात येईपर्यंत ड्रॅगन दोघांना भाजून मोकळा होईल. मुलांची गोष्ट मोठ्याने वाचली जाते, शब्द तोंडात बसलाच पाहिजे. आणि मुळात इंग्रजीतला नाइट तरी कुठे उच्चकुलीन होता? जुन्या इंग्रजीत 'क्निख्त' म्हणजे पोरगा, चाकर. जर्मनमध्ये त्याचाच भाऊबंद 'क्नेख्ट' अजून गडी-नोकरच आहे, तिथे नाइटला 'रिटर' म्हणजे स्वार म्हणतात. इंग्लंडात मात्र तोच चाकर वापरून वापरून वर चढला. स्क्वायर तर लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला सरळसरळ ढाल वाहणारा.

— मग ढालकरी म्हणा! भालकरी चालतो तर ढालकरी का नाही?

— माझं मत 'शागीर्द'. फारसीत शिष्य आणि सेवक दोन्ही अर्थ आहेत, आणि पेशवाईत 'शागीर्दपेशा' म्हणजे खासगीतली नोकरमंडळी. ताईंना हवं ते दोन्ही एका शब्दात मिळतंय.

— शागीर्द म्हटलं की मला आखाडा आणि वस्तादच दिसतात. मी म्हणेन 'उमेदवार'. माझे वडील छापखान्यात लागले तेव्हा आधी दोन वर्षं उमेदवारी केली, खिळे (छपाईची अक्षरं) जुळवायचे, फरशी पुसायची, पगार नाही. घरी विचारलं की अभिमानाने सांगायचे, मी उमेदवार आहे. उमेद त्या शब्दातच आहे.

— भावना पोचली, पण आज मुलाला उमेदवार म्हणजे निवडणुकीतला पोस्टरवरचा माणूस. तो ढाल घेऊन मागून चालत नाही.

— म्हणून शब्द टाकून द्यायचा का? दोन पानांत गोष्टच शिकवते अर्थ. मुलं ड्रॅगन शिकली की नाही?

— प्रश्नकर्त्या ताई, एक सांगते. १४८५ मध्ये कॅक्स्टन ह्या इंग्रज मुद्रकाने छापलेल्या, मॅलरीने लिहिलेल्या आर्थरकथांच्या पुस्तकात आर्थर ती तलवार उपसतो ती राजा व्हायला नव्हेच. ज्याच्या घरी वाढला त्या घरातल्या थोरल्या भावाची, त्याचं नाव 'के', तलवार मुक्कामी राहिली, ती आणायला ह्याला परत पाठवलं. मुक्कामी कोणी नाही, सगळे झुंजी बघायला गेलेले. भावाचा खोळंबा नको म्हणून चर्चच्या आवारातली दगडातली तलवार घेऊन गेला. चाकरी करता करता राजा झाला तो. तुमच्या पोराची चाकरी पुसू नका.

— हे सुंदर आहे, ह्यासाठीच उमेदवार.

— शागीर्द!

— मी मूळ प्रश्नवाली. नाइटला शिलेदार पक्का केला. पोराला आत्तापुरता ढालकरी लिहिलाय, भाचीने विचारलं, "मोठा झाल्यावर ढाल त्याची होते का?" मी हो म्हटलं. अजून मन उमेदवाराकडे ओढतंय. जाता जाता, घोडेस्वार की घोडस्वार? मी दोन्ही लिहून ठेवलेत.

— घोडेस्वारच. घोडदळ, घोडदौड ठीक, पण स्वाराआधी घोडे.

— आमच्याकडे सगळे घोडस्वारच म्हणायचे, चूक कशी?