मदत हवी आहे: वॉरन खटल्यात ब्रिटिश सरकारची बाजू कशी मांडू?

नमस्कार मंडळी,

कॉलेजच्या मूट कोर्टला (सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्याला) जॉन वॉरनचा १८६७ चा डब्लिनमधला खटला आलाय आणि चिठ्ठीत माझ्या वाट्याला नेमका सरकार पक्ष. (सगळ्यांना वॉरनच हवा होता, साहजिक आहे.)

वॉरन जन्माने आयरिश, पण अमेरिकेचा रीतसर नागरिक झालेला, तिथल्या यादवी युद्धात लढलेला. आयर्लंडला ब्रिटिशांपासून स्वतंत्र करू पाहणाऱ्या फेनियन बंडासाठी शस्त्रं घेऊन निघालेल्या 'एरिन्स होप' जहाजातून आला आणि वॉटरफर्डच्या किनाऱ्यावर उतरल्यावर पकडला गेला. कोर्टात म्हणाला, मी परका नागरिक, निम्मी ज्यूरी परक्यांची द्या. तशी सोय तेव्हाच्या कायद्यात होतीच. कोर्टाने ठणकावलं, तू जन्माने ब्रिटिश प्रजा, म्हणून नाही. त्यावर गड्याने स्वतःचे वकीलच माघारी घेतले. पुढचं अमेरिकेने बघावं! पंधरा वर्षं सक्तमजुरी झाली, पण १८६९ मध्ये सुटका.

माझ्या हातात १६०८ चा कॅल्व्हिन खटला आहे, जन्माने आलेली राजनिष्ठा सुटत नाही म्हणणारा. पण तेवढ्यावर उभं राहिले तर परीक्षक हसतील. त्यापेक्षा अमेरिकेचंच तोंड अमेरिकेला दाखवावं असं वाटतंय. १७९९ च्या विल्यम्स खटल्यात त्यांचे न्यायमूर्ती एल्सवर्थ म्हणाले होते की देशाच्या संमतीशिवाय नागरिकत्व टाकता येत नाही. आणि १८४० मध्ये प्रशियात परतलेल्या क्नोखेला, म्हणजे जन्माने प्रशियन पण अमेरिकेचा नागरिक झालेल्या माणसाला, लष्करभरतीतून सोडवायला तिथले अमेरिकेचे राजनैतिक प्रतिनिधी व्हीटन यांनी नकार दिला: मायदेशी आलास, आता तिथला कायदा.

यात कशावर भर देऊ? आणि समोरून १८६८ चा अमेरिकेचा नागरिकत्वत्यागाचा कायदा आला तर?

प्रतिसाद

विल्यम्स आधी. व्हीटन राजनैतिक अधिकारी, त्यांचं पत्र म्हणजे निवाडा नव्हे; ओझरतं आणा. १८६८ चा कायदा खटल्यानंतरचा आणि परदेशी, दोन वाक्यांत निकालात निघतो. खरा धोका १८७० च्या नागरिकत्व कायद्याचा, कारण तो ब्रिटनचाच. तो समोरच्याने काढायच्या आत तुम्हीच काढा: जन्माची प्रजा सुटावी म्हणून संसदेला १८७० मध्ये नवा कायदा करावा लागला, म्हणजे १८६७ मध्ये जुनाच कायदा लागू होता. त्याच कायद्याने परक्यांची निम्मी ज्यूरीही बंद केली, तेही सांगा.