सगळे अल्क आम्लारी, पण सगळे आम्लारी अल्क नाहीत: हे नेमकं कसं?

गिरगावकर_पालक
नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, मराठी माध्यम. आम्ल-आम्लारीच्या धड्यात तीन ठिकाणी अडलोय. कॉपर ऑक्साइड आम्लारी म्हणायचा, मग ओल्या तांबड्या लिटमसवर तो काहीच का करत नाही? अमोनियाच्या सूत्रात हायड्रॉक्साइड दिसत नाही, तरी त्याचं द्रावण अल्क कसं? आणि हळदीच्या कागदावर पानाचा चुना लावला की लालभडक, साबणाने लाल, पण खाण्याचा सोडा लावला तर कागद जवळजवळ पिवळाच राहतो. सोडा आम्लारीधर्मी नाही का? पाठ करून घ्यायचं नाहीये, समजावून सांगायचंय.

परळ_रसायन
आम्लाचं उदासिनीकरण करून क्षार आणि पाणी देतो तो आम्लारी. त्यातला जो पाण्यात विरघळून हायड्रॉक्साइड आयन देतो, तो अल्क. पहिली कसोटी आम्लासमोर लागते, दुसरी पाण्यात. लिटमसला मात्र पाण्यात जे उतरलंय तेवढंच कळतं. कॉपर ऑक्साइड पाण्यात उतरतच नाही, म्हणून लिटमस गप्प.

त्याची परीक्षा आम्लातच घ्यायची. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीत 5 मिली विरल सल्फ्युरिक आम्ल घ्या, कोमट करा (उकळू नका), चिमूटभर काळी पूड टाकून हलवा. द्रावण निळं होत जातं, तो कॉपर सल्फेट. पूड टाकत राहिलं की एका टप्प्यावर ती तळाशी काळीच राहते, म्हणजे आम्ल संपलं. गार आम्लात हेच फार हळू होतं, आणि "रंग आलाच नाही" ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते.

अमोनियाचं: तो पाण्याच्या रेणूकडून एक हायड्रोजन आयन उचलतो, मागे हायड्रॉक्साइड आयन उरतो. म्हणजे हायड्रॉक्साइड पाण्यातून येतो, अमोनियातून नाही. 0.1 मोलर द्रावणात शेकडा सव्वा-दीड रेणूच असं करतात, म्हणून अमोनिया सौम्य. त्या द्रावणाचा सामू (pH) 11 च्या आसपास. तितक्याच संहतीच्या सोडियम हायड्रॉक्साइडचा 13. अऱ्हेनियसच्या व्याख्येत (पाण्यात हायड्रॉक्साइड आयन देतो तो आम्लारी) अमोनिया ओढूनताणून बसवावा लागतो. 1923 मध्ये ब्रॉनस्टेड आणि लाउरी यांनी स्वतंत्रपणे मांडलेली व्याख्या, हायड्रोजन आयन देतो तो आम्ल आणि घेतो तो आम्लारी, इथे सरळ लागू पडते. कोरड्या अमोनियाचा आणि हायड्रोजन क्लोराइडचा पांढरा धूर होतो, त्यात तर पाणीही तयार होत नाही. नववीच्या उत्तरात हे लिहायची गरज नाही, पण मुलीला जरूर सांगा.

चुन्याची_निवळी
सोड्याचं उत्तर हळदीत आहे. हळद साधारण 7.4 सामूपासून रंग बदलायला लागते आणि पुरती तांबडी व्हायला साडेआठच्या पुढे जावं लागतं. खाण्याच्या सोड्याचं द्रावण 8.3 च्या आसपास, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. तेच द्रावण (100 मिली पाण्यात एक चहाचा चमचा सोडा) दहा मिनिटं उकळा. कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बायकार्बोनेटचा काही भाग कार्बोनेट होतो, सामू चढतो. गार करून हळदीच्या पट्टीवर थेंब टाका, पट्टी लाल. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियम काळं पडतं.

पट्टी करताना हळद पाण्यात कालवू नका, तिचा रंग पाण्यात नीट उतरत नाही. अर्धा चमचा हळद 25 मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये, गॅसपासून लांब. गाळून त्यात फिल्टर पेपर बुडवा, सावलीत वाळवा. मुंबईच्या पावसाळ्यात पट्ट्या दमट होतात, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा.

अल्क आणि आम्लारी यांतला फरक एकाच भांड्यात बघायचा तर चुना घ्या. अर्धा चहाचा चमचा पानाचा चुना 200 मिली पाण्यात ढवळा, झाकून दोन तास ठेवा. वरची स्वच्छ निवळी हे अल्क. तळाचा गाळ तोच कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पण न विरघळलेला. 50 मिली निवळी वेगळी काढा आणि बिनसुईच्या सिरिंजने 4 टक्क्यांचं व्हिनेगर थेंबथेंब सोडा. साडेतीन-चार मिलीला नवी पट्टी लाल होणं थांबतं. आता गाळाच्या भांड्यातली निवळी 50 मिलीच उरेल इतकी ओतून टाका, त्यात तेवढंच व्हिनेगर घालून ढवळा, पट्टी पुन्हा लालच. वरचा हायड्रॉक्साइड संपतो तसा गाळ विरघळून त्याची जागा घेतो. न विरघळलेला आम्लारीही आम्ल खातो, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

मात्र चुना डोळ्यात जाता कामा नये. पुडी दाबताना तो उडतो, आणि अल्काची इजा आम्लापेक्षा खोल जाते. चष्मा किंवा गॉगल घालाच. गेलाच तर लिंबूबिंबू न लावता वाहत्या पाण्याखाली किमान 15-20 मिनिटं डोळा धुवा आणि थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा.

घाटकोपर_प्रयोगशाळा
वरच्याशी सहमत, एक भर. "विरघळणारा" आणि "न विरघळणारा" अशी पक्की भिंत नाही. 25 अंशांना 100 मिली पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड 100 ग्रॅमहून जास्त विरघळतो, चुना 0.17 ग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड जेमतेम एखादा मिलिग्रॅम. तरी मिल्क ऑफ मॅग्नेशियावर हळद लाल होतेच, सामू साडेदहाच्या आसपास. त्यामुळे "लाल झालं म्हणजे भरपूर विरघळलं" असं तिने लिहू नये. तीव्र (जवळजवळ पूर्ण आयन होणारा) आणि संहत (दाट) हेही वेगळं ठेवा: विरघळला तेवढा चुना जवळजवळ पूर्ण आयनीभूत होतो, पण निवळी कायम विरलच.

कार्बोनेटचं उदाहरण घरातच मिळेल. स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा असेल तर लिंबू सांडलेल्या जागी पॉलिश उडून भुरकट डाग पडतो. कडप्पा चुनखडीचा दगड, पाण्यात न विरघळणारा, तरी आम्लाशी भिडतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. व्हिनेगरचा प्रयोग म्हणूनच ओट्यावर नको, ताटात करा.

गिरगावकर_पालक
मनापासून आभार. उकळलेल्या सोड्याने पट्टी खरंच लाल झाली. एक शंका: निवळी रात्रभर उघडी राहिली, वर पांढरी साय आली. ती वापरू का?

चुन्याची_निवळी
ती साय कॅल्शियम कार्बोनेटची, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आलेली. तेवढा हायड्रॉक्साइड कमी झाला, म्हणजे व्हिनेगरही कमी लागेल. मोजायचं असेल तर ताजी करा आणि बाटली गळ्यापर्यंत भरून बूच लावा.