एमए कशात करायचं? छोट्या कॉलेजातल्या निवडीचे तुमचे अनुभव सांगा

रामबागची लेक
काल भाचीला घेऊन एमपी ऑनलाइनच्या दुकानात गेले होते. ई-प्रवेशची, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन प्रवेशाची, चॉइस फिलिंग. पुढे सात-आठ मुलं, बाहेर पाऊस, आणि दुकानातला मुलगा स्क्रीनवरून मान न उचलता विचारतो, "दीदी, जल्दी बताओ, एमए किसमें?" भाची माझ्याकडे बघायला लागली आणि मला एकदम १९९६ सालची आमच्या कॉलेजच्या ऑफिसची खिडकी आठवली.

कॉलेज इंदूरचंच, लहान, नाव नको. एमए चारच विषयांत: हिंदी, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र. मला अर्थशास्त्राशिवाय काही घ्यायचंच नव्हतं. खिडकीतले बाबूजी म्हणाले, "इकोनॉमिक्स में तीन ही फॉर्म आए हैं। पाँच नहीं हुए तो क्लास नहीं लगेगी। समाजशास्त्र ले लो, सब वही ले रहे हैं।" आईचंही तेच. डिग्री ती डिग्री, ज्यात लवकर होईल ते घे.

मी आणि मैत्रीण लूना घेऊन निघालो. बीएच्या वर्गातल्या एकेकाचं घर गाठलं. सुदामानगर, लोकमान्यनगर, पार राऊपर्यंत. एकीचं लग्न ठरलं होतं, तर आम्ही तिच्या होणाऱ्या सासऱ्यांना जाऊन भेटलो! त्यांनी हो म्हटलं, वर चहा पाजला. पाचवा मुलगा शेवटच्या दिवशी दुपारी मिळाला. त्याच्या वडिलांच्या किराणा दुकानात, साखरेच्या पोत्यावर कागद ठेवून त्याचा फॉर्म भरला.

वर्ग भरायचा स्टाफरूमच्या टेबलाभोवती. सर जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या पानांत कार्बन घालून आकृत्या काढायचे, एकदम सहा प्रती. सहावी इतकी फिकट यायची की खिडकीकडे धरल्याशिवाय दिसत नसे. ती ते स्वतःकडे ठेवायचे. उदासीनता वक्राला (इनडिफरन्स कर्व्ह) मराठीत समवृत्ती वक्र म्हणतात हे मला किती तरी वर्षांनी पुण्याच्या नणंदेकडून कळलं, पण वक्र डोळ्यांपुढे आला की आजही तो निळ्या कार्बनचाच असतो.

तुम्ही कसं ठरवलंत? की दुसऱ्याच कोणी ठरवलं?

पोहे_जिलबी
ताई, सासऱ्यांना भेटलात 😭❤️ डबे भरतेय, दुपारी लिहिते.

लश्करवाला
आमचं ग्वाल्हेरचं. एमएस्सी केमिस्ट्री की मॅथ्स, दोनच पर्याय. केमिस्ट्री स्ववित्तीय, फी जवळजवळ तिप्पट. बाबांनी पीएफमधून काढून भरली. मी लॅब आधी बघितलीच नाही, ही चूक. पहिल्याच महिन्यात इनऑर्गॅनिकचं प्रॅक्टिकल, मिश्रणातले मूलक ओळखायचे, दुसऱ्या गटाला हायड्रोजन सल्फाइड लागतो, सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू. तो बनवायचं किप्सचं उपकरण फुटलेलं, कपाटात तसंच ठेवलेलं. डेमॉन्स्ट्रेटर म्हणाले, रंग पाठ करून ठेवा, कॅडमियम पिवळा, अँटिमनी नारिंगी. दोन वर्षांत त्या लॅबला सडक्या अंड्यांचा वास म्हणून कधी आला नाही. बाहेरचे परीक्षक आले की आम्ही पाठ केलेले रंग सांगायचो. फार वाईट वाटायचं. बाबांचे पैसे होते ते.

मॅथ्सला गेलेला माझा मित्र मात्र खूश होता. खडू-फळ्यावर चालणारा विषय आणि शिकवणारे सर पक्के.

खंडवा रोड
@लश्करवाला भाऊ, वाचून पोटात कालवलं. बाबा कसे आहेत आता?

लश्करवाला
छान आहेत. रोज सकाळी जिवाजी विद्यापीठाच्या बाजूला फिरायला जातात. त्यांना लॅबचं अजून सांगितलेलं नाही.

मांडवीचा
बडोद्यात आम्हाला निवडीचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने पडला. इथे एमएस युनिव्हर्सिटी (१९४९) असताना लहान कॉलेजात कोण जातं, असं सगळ्यांना वाटतं. माझे मार्क कमी पडले आणि मी बाहेरच्या छोट्या कॉलेजात एमकॉमला गेलो. सकाळी सात ते दहा वर्ग, मग दुकानात नोकरी. दुसरा पर्याय एमए इंग्रजी होता, तो दुपारचा, म्हणून कटला. माझा विषय वेळापत्रकानेच निवडला. तेव्हा वडील नुकतेच गेले होते, घर चालवायचं होतं.

येता-जाता आर्ट्स फॅकल्टीचा तो मोठा घुमट दिसायचा. आजोबा तिथे शिकलेले, तेव्हा ते बडोदा कॉलेज होतं. एकदा सुट्टीच्या दिवशी आत जाऊन घुमटाखाली नुसता उभा राहून आलो होतो.

बाय द वे इंदूरकरांनो, तुमच्या उसळ-पोह्यांचं कौतुक पुरे, एकदा बडोद्याची सेव-उसळ खाऊन बघा.

खंडवा रोड
सेव आमच्याकडूनच शिकला असाल भिया 😄

मांडवीचा
सेव तुमची, तर्री आमची. मांडवली करू.

अतिथी विद्वान
बरीच वर्षं मध्य प्रदेशातल्या लहान कॉलेजांत शिकवतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मुलं ऐन काउन्सेलिंगमध्ये घाई करतात आणि मग दोन वर्षांनी माझ्याकडे रडत येतात.

पुढे शिकवायचं असेल तर एमएचा विषय हीच तुमची जात होऊन बसते. नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, त्याच किंवा त्याला जोडून असलेल्या विषयात द्यावी लागते, आणि सर्वसाधारण गटाला एमएत ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५०. ५४.८ वर अडकलेला मुलगा मी पाहिलाय. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची अट नाही, तेव्हा उशिरा शिकणाऱ्या ताया-काकूंनी घाबरू नये. शाळेत वर्ग एकला, म्हणजे उच्च माध्यमिक शिक्षक म्हणून, जायचं तर त्या विषयातलं एमए आणि बीएड दोन्ही पाहिजे. म्हणजे ज्या विषयाच्या जागा शाळांत निघतच नाहीत त्यात एमए करून वर्ग एकची वाट बघणं हा फार महागाचा खेळ आहे. नव्या धोरणात तीन वर्षांच्या पदवीवर एमए दोन वर्षांचं आणि चार वर्षांच्या ऑनर्सवर एकच वर्षाचं, हेही घरात बसून नीट मोजा. प्रायोगिक विषय असेल तर स्वाध्यायी (प्रायव्हेट) म्हणून परीक्षा देण्याचा विचारसुद्धा करू नका.

आणि कॉलेजात जाऊन विचारा: हा विषय शिकवणारं माणूस नेमकं कोण? नेमणूक कायमची की माझ्यासारखी, सत्रापुरती? मला एका वर्षी दिवाळीच्या आधी कार्यमुक्त केलं. मुलांचा तिसऱ्या सेमिस्टरचा एक अख्खा पेपर वाऱ्यावर राहिला. मी त्यांना भंवरकुआच्या एका चहाच्या टपरीमागे, रविवारी, फुकट शिकवून तो पेपर पूर्ण केला. नऊ मुलं होती. त्यांचा काय दोष?

रामबागची लेक
सर, नमस्कार तुम्हाला. हे सगळं भाचीला वाचून दाखवलं.

आई_राजेंद्रनगर
सर किंवा कोणीही सांगा, मुलगी एमएसडब्ल्यू (समाजकार्य) म्हणतेय आणि हे समाजशास्त्रात एमए म्हणतायत. दोन्ही एकाच कॉलेजात आहेत. घरात तीन दिवस अबोला 😔

अतिथी विद्वान
ताई, दोन्ही अगदी वेगळी आहेत. एमएसडब्ल्यूत फील्डवर्क असतं, वस्तीत, संस्थेत, दवाखान्यात जाऊन काम आणि त्याच्या नोंदी. संस्थांत नोकरी करायची तर तेच बरं. मात्र फील्डवर्कला प्रत्यक्ष नेतात की फाइलच भरून घेतात, ते सध्याच्या मुलांना विचारा. समाजशास्त्रात वाचन आणि सिद्धांत जास्त. मुलीला माणसांत रमायला आवडतं का?

आई_राजेंद्रनगर
सगळ्या गल्लीतल्या आजीबाई तिच्याकडूनच पेन्शनचे फॉर्म भरून घेतात.

अतिथी विद्वान
मग यांना हेच सांगा.

दाणाओळी
मला संगीतात एमए करायचं होतं. ग्वाल्हेरात राहून! जिथे १९१८ पासून माधव संगीत विद्यालय आहे, जिथे भातखंडे स्वतः येऊन गेले. आजोबा म्हणाले, गाणं घरात शिक, डिग्री इतिहासाची घे. इतिहासाचा वर्ग पहिल्या मजल्यावर, आणि मागच्या घरातली शिकवणी खिडकीतून ऐकू यायची. भीमपलासचा ग नी कोमल माझ्या मुघल काळाच्या वहीत समासात लिहिलेला आहे. इतिहासही नंतर आवडला, खोटं कशाला बोलू. पण वही अजून जपून ठेवलीय ती समासासाठी.

खंडवा रोड
होळकर सायन्सवाले कोणी आहे का इथे? १८९१ चं कॉलेज, त्यापुढे आपण सगळेच छोटे 🙏 माझ्या आत्याला हॉस्टेलची माहिती हवी होती.

लश्करवाला
वेगळा धागा काढा ना, इथे हरवेल ते.

पोहे_जिलबी
आले. माझं थोडकंच आहे. मला हिंदीत एमए मिळालं कारण अर्थशास्त्राला पाच मुलं झाली नव्हती. आमच्याकडे कोणी लूना काढली नाही. मीही नाही. ताई, तुमचं वाचल्यापासून हेच डोक्यात आहे, म्हणून सकाळी लिहवलं नाही.

रामबागची लेक
अगं, आमच्याकडेही एक दिवस आधीपर्यंत चारच होते. तो किराणावाला नसता तर मीही आज हिंदीचीच. तुझ्या हिंदीच्या गोष्टी लिही बरं इथे, मला ऐकायच्यात.

आणि भाचीचं: आज आम्ही फॉर्म लॉक न करता आधी कॉलेजात जाऊन आलो. अर्थशास्त्राच्या मॅडम वर्गात होत्या, म्हणून बाहेर बाकावर थांबलो. दार उघडं होतं. अकरा मुलं, मी मोजली. फळ्यावर वक्र काढत होत्या आणि भाची चपला काढून दाराशी जाऊन उभी राहिली. मॅडमनी न विचारताच तिला आत बसायला खूण केली.