चीनमधलं गाडीवरचं खाणं : तुम्ही काय काय खाऊन आलात?

चीनला जाऊन आलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : "मग, विंचू खाल्लास की नाही?" बीजिंगच्या वांगफुजिंग गल्लीत काडीला टोचलेले, पाय हलवणारे विंचू मिळायचे हे खरं. पण ते घेणारी गर्दी सगळी पर्यटकांची. त्यातही चिनीच जास्त, परप्रांतातून राजधानी बघायला आलेले, एका हातात काडी आणि दुसऱ्यात मोबाइल. शेजारचा डोंगह्वामेनचा रात्रबाजार २०१६ सालीच बंद झाला. त्या विंचवाला मला तरी तेल आणि तिखटापलीकडे चव लागली नाही.

खरी परीक्षा बीजिंगकरांच्या नाश्त्यात आहे. मुगाचं पीठसत्त्व काढून घेतल्यावर जे पाणी उरतं ते आंबवून, उकळून पितात. त्याला दौझी म्हणतात. रंग राखाडी-हिरवा, वास नासलेल्या कडधान्याचा. बरोबर तळलेली कुरकुरीत कडी आणि तिखट लोणच्याचा कीस. गरम आहे तोवर घोट घ्यायचा, निवलं की वास दुप्पट. समोरच्या आजी वाडगं तोंडाला लावून शांतपणे माझ्याकडे बघत होत्या. मी अर्धं संपवलं, त्यांनी दुसरं मागवलं.

तर मंडळी, लिहा. हॉटेलातलं नको, गाडीवरचं, गल्लीबोळातलं. नुसतं "ईऽऽ" चालणार नाही. चव, वास, तिथले लोक कशाबरोबर खातात, तेही येऊ द्या.

* * *

नवऱ्याच्या नोकरीमुळे चेंगडूत राहत होते. तिथे सशाची मुंडी हा संध्याकाळचा टाइमपास आहे. हो, मुंडीच. मसाल्याच्या पाण्यात शिजवलेली, दात तसेच, ताटलीत आपल्याकडे बघत असते. दुकानदार आधी प्लॅस्टिकचे हातमोजे देतो. वरचा नि खालचा जबडा दोन हातांत धरून कट्कन उघडायचा. पहिली जीभ, मग गालाचं मांस, मग डोळे, आणि शेवटी कवटी फोडून मेंदू ओढून घ्यायचा. मांस म्हणाल तर चिमूटभर. पण माझ्या शेजारच्या बायका एकेका मुंडीवर अर्धा तास गप्पा मारत बसायच्या, बरोबर बिअर. दोन प्रकार मिळतात, पाच मसाल्यांचा आणि माला, म्हणजे जीभ बधिर करणारा तिखट. माला घ्या.

मालामध्ये ओठांना मुंग्या येतात ना, तिथे मी थबकले. मी वेंगुर्ल्याची. ही झिणझिण मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे! सिचुआनची मिरी आणि आपलं तिरफळ एकाच कुळातलं, वनस्पतिशास्त्रात दोन्ही झँथॉक्सिलम. तेही आतली काळी बी टाकून सालच वापरतात. फरक इतकाच की आम्ही बांगड्याच्या आमटीत चार-पाच ठेचून घालतो आणि ते मूठमूठ ओततात. नवरा देशावरचा, त्याची जीभ बधिर झाली की तो घाबरून पाणी प्यायचा. पाण्याने काही होत नाही, हे त्याला अजून पटलेलं नाही.

* * *

तिरफळवाल्या ताईंना नमस्कार. माझा इमिटेशन ज्वेलरीचा धंदा, माल बघायला यीवूला जाणं असतं. यीवूत डाळ-भात मिळतो, तिथे भारतीय व्यापाऱ्यांची उपासमार होत नाही. पण शेजारच्या डोंगयांग गावात वसंत ऋतूत गेलात तर रस्त्यावर मोठमोठी पातेली उकळत असतात. त्यात अंडी. पाण्यात नाही हो, दहा वर्षांखालच्या मुलग्यांच्या लघवीत! शाळांमधून बादल्या भरून आणतात. अंडी एकदा उकडायची, कवच टिचवायचं आणि पुन्हा तासन्‌तास उकळत ठेवायची, म्हणजे आत मुरतं. उन्हाळा बाधत नाही म्हणे. २००८ मध्ये तिथल्या सरकारने या प्रकाराला स्थानिक सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलं.

माझ्या एजंटने दोन सोलून खाल्ली. पांढरं चहाच्या रंगाचं झालेलं, टिचवलेल्या जागी काळपट रेषा. मी नाही खाल्लं आणि खाणारही नाही. वास आपल्या एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीचा, त्यात चव शोधायची इच्छा झाली नाही. मात्र आमच्यात गोमूत्र पिणारे काका आहेत, ते हा किस्सा ऐकून सगळ्यात जास्त हसले. मी काही बोललो नाही.

* * *

शाकाहारी लोकांनी इथे फक्त वाचायचं का? मीही लिहिते. अडचण किड्यांची नाहीच, ते दिसतात तरी. अडचण वांग्यावर भुरभुरलेल्या खिम्याची आणि डुकराच्या चरबीत परतलेल्या पालेभाजीची आहे. बौद्ध शाकाहारी खानावळीत निर्धास्त जेवावं, तिथे बहुतेक कांदा-लसूणही नसतो. आमचे जैन सहप्रवासी तिथे खूश होते.

रस्त्यावर म्हणाल तर युन्नानमधल्या दालीला जा. गाईच्या दुधाचे चामड्यासारखे वाळवलेले पातळ पापुद्रे असतात. बाई निखाऱ्यावर धरते, पापुद्रा फुगून मऊ होतो, त्यावर गुलाबाचा मुरंबा फासते आणि काडीला गुंडाळून देते. खारट, धुरकट, गोड. मी दुसरा मागितला. बकरीच्या दुधाचं रूबिंग तर चक्क पनीर आहे, तळून देतात.

फसाल ते झअरगनला. पांढरं मूळ, चिरून मिरचीत कालवलेलं, दिसायला निरागस. खाल्लं की कच्च्या मासळीचा वास नाकात चढतो. पूर्ण वनस्पती, शाकाहारी, तरी माझ्या जिभेने ते मान्य केलं नाही. शिलाँगकडे हीच वनस्पती आवडीने खातात.

* * *

चांगशात शिकायला होतो. दुर्गंधी तोफू. बस. काळ्या खारवणात मुरवलेले कोळशासारखे चौकोन तळतात, काडीने मधोमध भोक पाडतात, त्यात लसूण-मिरचीचं पाणी ओततात. गल्लीच्या टोकापासून वास येतो, पण तोंडात अगदी सौम्य. आमच्या मालवणी घरात सुके बोंबील भाजताना शेजारी दार लावतात, आम्ही ताट घेऊन बसतो, तसंच हे. मेसपेक्षा जास्त पैसे तिथेच गेले.

* * *

ते परतलेले दगड कुणी खाल्लेत का? २०२३ मध्ये सगळीकडे व्हिडिओ फिरत होता.

* * *

खात नाहीत हो, चोखतात. हूपे प्रांतातला प्रकार. नदीतले गोटे लसूण, मिरची घालून तव्यावर परततात, मसाला चोखायचा आणि गोटा टाकायचा. बिअरबरोबर वेळ छान जातो. दात सांभाळा.

* * *

जालन्याकडचा आहे, घरी तुती आहे, रेशीम कोष जालन्याच्या बाजारात विकतो. यंत्र बघायला चीनला गेलो होतो. शांतुंगमध्ये संध्याकाळी गाडीवर तळलेले किडे दिसले, जवळ जाऊन पाहिलं तर कोषातला पतंग व्हायच्या आधीचा जीव. वर कुरकुरीत, आत पिठूळ आणि तेलकट, वर जिरं-तिखट. वास ओळखीचा निघाला, धागा काढायच्या युनिटबाहेर येतो तोच. आपल्याकडे त्याचं फार तर खत किंवा कोंबडीचं खाद्य होतं, तिथे प्लेटचे पैसे घेतात. खाल्ले, चांगले लागले. आईला मात्र सांगितलं नाही. ती आम्हाला किड्यांच्या शेडमध्ये बाहेरची चप्पलसुद्धा घालून जाऊ देत नाही.